माथेरानचा घोडा आणि शेवटचे अडीच किलोमीटर

माथेरानला जाऊन आलेल्या प्रत्येक घरात एक फोटो असतोच. घोड्यावर घाबरलेलं पोरगं आणि शेजारी लगाम धरलेला घोडेवाला. (ताई, आपल्या अल्बममधल्या फोटोत तू चक्क रडतेयस!)

हा धंदा इतकी वर्षं टिकला कसा? आपण 'परंपरा' म्हणून मोकळे होतो, पण नुसत्या परंपरेवर जनावराची चंदी भागत नाही हो.

1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर पोचला आणि साहेबलोकांना मुंबईजवळ थंड हवेची जागा सापडली. 1856 मध्ये रेल्वे नेरळला आली, पण पुढचा चढ तसाच! तट्टू, पालखी, नाहीतर आपले पाय. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबानं छोटी गाडी थेट वर नेली. आता घोडा संपला, असंच कुणालाही वाटलं असतं. पण गाडी बाजारापाशी थांबते आणि पॉइंट सगळे लांब, जंगलात. पुढे मोटारींचा रस्ता झाला, तो दस्तुरी नाक्यावर अडला. गावात वाहनबंदी, बाजार तिथून अडीचएक किलोमीटर.

म्हणजे गंमत बघा, प्रत्येक नवं वाहन थोडं अलीकडेच थांबलं आणि घोडेवाल्याला गिऱ्हाईक आणून देत राहिलं.

तरी धंदा सोपा नाहीच. गिऱ्हाईक शनिवार-रविवारी आणि सुट्टीत, घोडा खातो सातही दिवस. गवत, नाल, औषधपाणी वेगळंच. पावसाळ्यात हॉटेलवाला खोल्यांना कुलूप लावू शकतो, घोड्याला कसं लावणार?

मग 2022 आलं. सर्वोच्च न्यायालयानं ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली, डिसेंबरमध्ये सात रिक्षा धावल्या. माणसानं माणसाला ओढायचं, हे थांबायलाच हवं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ई-रिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती जाव्यात, हेही योग्यच. पण अलीकडे न थांबणारं हे पहिलंच वाहन! आणि साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोड्यांच्या मालकांना त्यात वाटा नाही.

आता थोडं कडू. मार्च 2025 मध्ये गावानंच बंद पुकारला होता. तक्रार अशी, की दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन घोड्यावर बसवलं जातं. त्यात सगळे घोडेवाले नसणार, पण भोगतात सगळे. एरवी मी त्यांची बाजू घेतो, इथे नाही घेणार. अडलेल्या गिऱ्हाइकावर धंदा चालवायची सवय लागली की असंच होतं, आणि आता तर गिऱ्हाईक अडलेलंही नाही.

असो. 2025 च्याच निकालात पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली ती दस्तुरी ते शिवाजी पुतळा या मुख्य रस्त्यावर. आतल्या वाटांवर नाही. तिथे तांबडी माती आहे, आणि पेव्हरवर घसरणारा घोडा तिथे पाय रोवून चालतो...