स्मरणशक्तीचा खर्च

1969 साली अपोलो-11 चंद्रावर उतरलं, तेव्हा त्यातल्या संगणकाची लिहिता-पुसता येणारी मेमरी जेमतेम 4 किलोबाइट! पुढे ड्रू ह्यूस्टन नावाचे गृहस्थ पेनड्राइव्ह विसरून बसमध्ये बसले आणि त्या विसरभोळेपणातून 2008 साली ‘ड्रॉपबॉक्स’ आलं. फायली आकाशात राहू लागल्या.

आमच्या लॅपटॉपवरचं असलंच एक सॉफ्टवेअर (नाव नको) बसल्या जागी 2 गिगाबाइट मेमरी खातं. म्हणजे अपोलोच्या पाच लाख पट! बँकेतला माणूस, हिशेब दोनदा तपासला.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, ते प्रत्येक फायलीची नोंद डोक्यात ठेवतं. आजीची स्कॅन केलेली पत्रं काढा, हलकं होईल.”

मी म्हटलं, “खातं बंद करायला खातेदाराची सही लागते.”

आईची सही आता कुठून आणू? खाऊ दे मेमरी!