चेन सारखी उतरते? टेन्शनरआधी चेन मोजा

बिडकीनच्या ऑरिकमध्ये आज इलेक्ट्रिक वाहनांचे प्रकल्प येत आहेत. पण पेडल आणि मोटर दोन्ही असलेली तीनचाकी ‘सिंक्लेअर सी५’ ब्रिटनमध्ये १९८५ सालीच आली होती. पेडलपासून मागच्या चाकापर्यंत तिची चेन बरीच लांब. अशा चेनचा ढिलेपणा टेन्शनरची कप्पी भरून काढते.

चेन सारखी उतरत असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. मग चेनच्या २४ कड्या पिनच्या मध्यापासून मोजा. नव्या सायकल-चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिमी भरतं. ते ३०७ च्या पुढे गेलं असेल, तर चेन बदला. नुसती ताणली तर ती दाते खात राहते आणि रहदारीत उतरण्याचा धोका कायम राहतो. चेन ठीक असेल, तर कप्पीचं बेअरिंग आणि स्प्रिंग तपासा. कप्पी चेनच्या सरळ रेषेतच हवी.