खंडीचा भाव

रनाळ्यात आमची कपाशी क्विंटलने विकली जाते. मुंबईच्या कॉटन ग्रीनला, कॉटन एक्स्चेंजच्या व्यवहारात, रुईचा भाव आजही खंडीत बोलतात. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. हे मला नोकरीसाठी मुंबईत आल्यावर कळलं.

हा पूर्व किनारा पोर्ट ट्रस्टने समुद्रात भराव घालून केला. कुलाब्याचा कापूसबाजार गोदामांसकट इकडे हलला. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१–६५) खानदेशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला होता, पण तेव्हा बराचसा माल बोटीने लिव्हरपूलला जाई. पुढे गिरण्या वाढल्या आणि तो इथेच सुताचा, कापडाचा होऊ लागला.

गोदामांपासून जवळच, काळाचौकीत, इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीन आहे. या गिरण्या मुळात ससून घराण्याच्या. एका रविवारी मी ती रस्त्यावरूनच पाहिली, आत सोडत नाहीत. भिंतीत पिंपळ रुजलेत. महापालिकेने इथे वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलंय. त्यात १८ जानेवारी १९८२ चा संप येईल, यायलाच हवा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

माझं लोअर परळचं ऑफिसही गिरणीच्याच जागेवर आहे. लिफ्टमध्ये ते कुठे लिहिलेलं नाही.

संग्रहालयात चरखे, माग, कामगारांचे फोटो असतील. कपाशी वेचणाऱ्या बाया असतील का?

रात्री बाबांना फोनवर गिरणीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ते ठीक आहे," म्हणाले, "खंडीचा भाव काय चाललाय तिकडे?"