टाइपरायटर, दाखला आणि आपल्या मावश्या

"बाई शिकली म्हणून ऑफिसात आली" हे वाक्य आपण भाषणांत सर्रास वापरतो. मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा बाईबद्दल ते चालेल. नांदेड-लातूरच्या बौद्ध बाईबद्दल ते अर्धेच खरे आहे.

१९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, कारकून म्हणजे उर्दू जाणणारा पुरुष. पुढे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, १९८२ला लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालये, नव्या कारकुनी जागा.

आता आपला प्रश्न. संविधानाच्या कलम १६ने सरकारी नोकरीत जात आणि लिंग या दोन्हींवरचा भेदभाव बंद केला, आरक्षणाचा रस्ताही त्याच कलमाने दिला. पण १९५६ला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातीतच उरलो नाही! यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचे दार उघडायला १९९० उजाडले, व्ही. पी. सिंगांचे सरकार यावे लागले.

माझी मावशी त्या मधल्या काळातली. शेतमजुराची पोर, लातूरला टायपिंग क्लासला जायची. मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. दोन्ही परीक्षा पास. दाखल्यावर 'बौद्ध'. हा दाखला राज्याच्या भरतीत चालायचा, केंद्राच्या भरतीत नाही. बोटे तीच, वेग तोच. आपल्यातल्या कित्येकांनी पोरांच्या नोकरीसाठी कागदावर 'हिंदू महार' ठेवले, त्यांना आज नावे ठेवणाऱ्यांनी ही ३४ वर्षे आधी मोजावीत.

राज्याने महिलांना ३० टक्के आरक्षण दिले ते समांतर आहे. म्हणजे अनुसूचित जातीच्या जागांमध्येही ३० टक्के आपल्या बायांच्या. तसे नसते तर महिलांच्या जागा कोणत्या घरांत गेल्या असत्या, हे सांगायला समाजशास्त्राची एम.ए. लागत नाही.

आणि ६ सप्टेंबर २०२३ला सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. पण कंत्राटी ऑपरेटर कार्यालयांत आधीही होते, आजही आहेत. मावशीच्या टाइपरायटरच्या जागी आज त्यांचा संगणक आहे. त्या खुर्चीला बिंदुनामावली लागते का?

आपल्या पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कारकुनी कामावर कंत्राटी किती, त्यात अनुसूचित जातीच्या बाया किती, एवढे दोनच प्रश्न विचारा.