लहानग्यांचा चष्मा : यूकेमध्ये कुठून घ्यावा?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला चष्मा लागला, की भारतातून आजी-आजोबांचा फोन ठरलेला : "एवढ्याशा पोराला चष्मा? सुट्टीत याल तेव्हा इथेच करू, स्वस्तात होईल." मंडळातल्या नव्या पालकांसाठी म्हणून ही माहिती देत आहोत.

तपासणी : १६ वर्षांखालील मुलांची डोळेतपासणी एनएचएसतर्फे मोफत असते. मुलाला अक्षरे यायची गरज नाही. थेंब घालून नंबर काढता येतो. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते आणि उजेड खुपतो, म्हणून टोपी बरोबर न्यावी.

दुकान कसे निवडावे : नंबर हॉस्पिटलने दिला असो वा ऑप्टिशियनने, चष्मा तिथूनच घेण्याचे बंधन नाही. १६ वर्षांखालील मुलांना चष्म्यासाठी एनएचएसचे व्हाउचर मिळते. त्या रकमेत बसणारी फ्रेम घेतली तर खिशातून काही जात नाही, महाग घेतली तर वरचे पैसे आपले. जाण्यापूर्वी फोन करून विचारा : दोन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या फ्रेम आहेत का, आणि लहान मुलांचे चष्मे बसवणारी अनुभवी व्यक्ती कोणत्या दिवशी असते?

फ्रेम कशी असावी : या वयात नाक बसके असते, त्यामुळे मोठ्यांची छोटी केलेली फ्रेम घसरते आणि मूल काचेच्या वरून बघते. कानामागे वळणाऱ्या मऊ काड्या किंवा डोक्यामागचा पट्टा उपयोगी पडतो. काचा न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्याच घ्याव्यात.

ऑनलाइन किंवा भारतातून? १६ वर्षांखालील मुलांना चष्मा नोंदणीकृत तज्ज्ञाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यावा, असा इथला कायदा आहे. त्यामागे कारण आहे : काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर बरोबर नंबरही वाया जातो. भारतात जास्तीचा चष्मा जरूर करावा, पण रोजचा इथलाच बरा. काड्या वरचेवर वाकवून घ्याव्या लागतात आणि तुटल्यास दुरुस्तीलाही एनएचएसची मदत मिळते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे वेळ. एक डोळा कमजोर असेल, तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच 'लेझी आय' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण चांगला येतो. तेव्हा भारतवारीची वाट बघू नका. आजी-आजोबांना चष्म्यातला फोटो पाठवा, तेही लवकरच सरावतात!