कायदा हरवलेला घटस्फोट : पॅरिसमधील रशियन उमराव

टॉलस्टॉयच्या ‘अॅना कॅरेनिना’मध्ये घटस्फोटाचा पेच केवळ पात्रांच्या स्वभावातून उद्भवत नाही. झारकालीन रशियात ऑर्थोडॉक्स विवाहाचे विसर्जन धर्मपीठाच्या अखत्यारीत होते. व्यभिचार, विवाहपूर्व नपुंसकत्व, पाच वर्षे बेपत्ता असणे आणि नागरी हक्क गमावण्याची शिक्षा एवढीच प्रमुख कारणे ग्राह्य होती. व्यभिचार सिद्ध करण्यास प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागत. दोषी पक्षाला १९०४ पर्यंत पुनर्विवाहाची मुभा नव्हती. बोलता बोलता कसरी टिपणाऱ्या वकिलासमोर कॅरेनिनची जी केविलवाणी अवस्था होते, तिच्यामागे ही संहिता उभी आहे.

क्रांतीनंतर पॅरिसला आलेल्या उमराव वर्गापुढील प्रश्न याहून मूलभूत होता. घटस्फोट मागायचा तो कोणत्या कायद्याने? फ्रेंच न्यायालये परकीयांच्या वैवाहिक बाबींना त्यांच्या राष्ट्राचा कायदा लावीत. मात्र रशियन कायद्याने हा विषय धर्मसत्तेकडे सोपविला असल्याने, १९०५ च्या लेविन्सों खटल्यात एका रशियन ज्यू दांपत्याचा घटस्फोट आपल्या अधिकारकक्षेबाहेरचा आहे, असा निर्णय फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. दुसरीकडे बोल्शेविकांनी डिसेंबर १९१७ मध्ये विवाह चर्चच्या हातून काढून घेतला आणि एका पक्षाच्या अर्जावर घटस्फोट देऊ केला. पण डिसेंबर १९२१ च्या हुकुमाने परागंदा झालेल्यांचे नागरिकत्वच रद्द केले. १९२४ मध्ये फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिल्यावर विसंगती पूर्ण झाली. जुन्या कायद्यामागे राज्य उरले नव्हते आणि नव्या कायद्यामागील राज्याने या माणसांना टाकून दिले होते. निर्वासितांना वास्तव्याच्या देशाचा कायदा लागू करावा, हे तत्त्व १९२८ च्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आणि १९३३ च्या करारात नोंदले गेले.

ग्रँड डचेस मारिया पावलोव्हना यांचे दोन विवाह या स्थित्यंतराच्या दोन बाजूंना येतात. स्वीडिश राजपुत्राशी झालेला पहिला विवाह १९१४ मध्ये संपला, तेव्हा त्यावर झारची मोहोर उमटली. प्रिन्स पुत्यातिन यांच्याशी १९१७ मध्ये झालेला दुसरा विवाह १९२३ मध्ये परदेशी मोडला, तेव्हा मोहोर उमटविणारा झार उरला नव्हता. दरम्यान त्या पॅरिसमध्ये ‘किटमीर’ हा भरतकामाचा व्यवसाय चालवीत होत्या.

निर्वासितांच्या आत्मकथनांतील तुटलेल्या विवाहांकडे दारिद्र्याचा वा नीतिभ्रंशाचा परिणाम म्हणून पाहण्याची वाचनसवय त्यामुळेच अपुरी ठरते. अॅनापुढे कठोर का होईना, कायदा होता. या वर्गाला पतिपत्नींचे नाते संपविण्याआधी आपण कोणाचे प्रजाजन आहोत, हे ठरवून घ्यावे लागले.