आयसोक्विनोलिन अल्कलॉइडे

* अफू, दारुहळद आणि पिवळा धोतरा यांची ख्याती वेगवेगळी असली, तरी त्यांच्यातल्या प्रमुख अल्कलॉइडांचा उगम एकच : टायरोसीन हे अमिनो आम्ल. त्यापासून वनस्पती डोपामीन आणि एक आल्डिहाइड तयार करते. नॉरकोक्लॉरीन सिंथेस हे विकर ती दोन्ही जोडते आणि आणखी काही पायऱ्यांनंतर रेटिक्युलिन बनते.

खरे कौतुक इथून पुढे आहे. दारुहळदीत एक विकर रेटिक्युलिनच्या नायट्रोजनवरचा मिथाइल गट वळवून त्याचे नवे वलय बांधते. त्यातून स्कोलेरीन आणि शेवटी मुळांना पिवळाधमक रंग देणारे बर्बेरीन तयार होते. अफूच्या झाडात मात्र रेटिक्युलिनची त्रिमितीय ठेवण आधी उलटवली जाते आणि मग थिबेन, कोडीन, मॉर्फीन असा क्रम लागतो.

या अल्कलॉइडांचे वर्गीकरण त्यांच्या रेणूंच्या सांगाड्यांवरून होते : पॅपाव्हरीन बेंझिल-आयसोक्विनोलिन, बर्बेरीन प्रोटोबर्बेरीन, तर मॉर्फीन मॉर्फिनान गटात.

पिवळ्या धोतऱ्यातले सँग्विनारीन स्कोलेरीनच्याच फाट्यावरचे, आणि विषारी. रस्त्याकडेला सर्रास उगवणाऱ्या या काटेरी झुडपाच्या बिया मोहरीसारख्याच काळपट, बारीक असतात. त्यांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्याने १९९८ साली दिल्लीत ड्रॉप्सीची साथ आली. लोकांचे पाय सुजले, अनेकजण दगावले.